मी कापलेला अंतरा

तुमच्या घरच्या लग्नात जे गाणं वाजलं, ज्यावर तुमच्या बहिणी नाचल्या आणि तुमच्या आईने पदराने डोळे टिपले, ते कोणी रचलं हे तुम्ही कधी कोणाला विचारलंत का?

मला विचारायची गरजच नव्हती. ज्या गाण्याबद्दल मी लिहिते आहे ते रचणारी बाई आमच्या घरापासून चौथ्या दारात राहते. तिचं नाव मला लहानपणापासून माहीत होतं. ते गाण्यातून काढून टाकलं ते मीच. हे मी रागाने लिहिते आहे. राग कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच, पण त्या रांगेत पहिली मी उभी आहे.

आमची वस्ती जबलपूरला, फॅक्टरीच्या मागच्या अंगाला. आजोबा वर्ध्याकडून इथे कामाला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझ्या वयाच्या अर्ध्या मुलींना मराठी कळतं पण बोलता येत नाही. आजी मराठीत ओरडते आणि नात हिंदीत उत्तर देते. आमची भाषा मोठ्याने, माईकवर, न लाजता ऐकू येते ती एकाच जागी, वस्तीच्या हॉलमध्ये. दाटीवाटीने बसले तर दीडशे माणसं मावतील एवढा तो हॉल. वर पत्रा, एका टोकाला विटांचं स्टेज, स्टेजशेजारी खुर्च्या आणि सतरंज्या ठेवायची खोली. पौर्णिमेला आणि जयंतीला तिथे प्रबोधनाची गाणी होतात. हार्मोनियम, ढोलक, खंजिरी, आणि समोर लेकराबाळांसकट सगळी वस्ती.

ही गाणी रेकॉर्ड करायला आमच्या महिला मंडळाच्या बायका एकदा शहरातल्या एका स्टुडिओत गेल्या होत्या. मीही सोबत होते. वेळ ठरलेली असताना त्यांना जिन्यात बसवून ठेवलं, कारण आत देवीच्या जागरणाची गाणी गाणारी पार्टी होती. शेवटी आत घेतलं तेव्हा मालकाने पहिल्यांदा विचारलं, "आप लोग कौन वाले मराठी हो?" म्हणजे जात कोणती. त्याला उत्तर कळलंच होतं, त्याला ते आमच्या तोंडून ऐकायचं होतं. मग म्हणाला, "ढोलक बहुत कच्चा है, दीदी. और ये हक-वक वाला अंतरा निकाल दो, शादी में कौन बजाएगा?" बायका उठल्या आणि जिना उतरून घरी आल्या. रस्ताभर मी एकटीच बडबडत होते.

त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, "आपला आवाज, आपलं यंत्र". हॉलमध्येच आपला स्टुडिओ करा, असं त्यात म्हटलं होतं.

पत्रकं लिहिणं माझ्या घरात चहा करण्यासारखं आहे. माझे वडील फॅक्टरीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. त्यातल्या एकाही पत्रकाखाली कधी कोणाचं नाव नव्हतं. मी लहानपणी विचारलं होतं, "बाबा, तुमचं नाव काहून नाही?" ते म्हणाले होते, "नाव लिहिलं की माणूस मोठा होते अन् मुद्दा लहान." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पुढे कॉलेजात भाषणात वापरलं, टाळ्या घेतल्या. तेव्हा टाळ्या मला मिळाल्या होत्या, मुद्द्याला नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

स्टुडिओ झाला. कसा झाला ते सांगते, कारण त्या कामाचा मला अजूनही अभिमान आहे आणि तो मी टाकणार नाही. खुर्च्यांची खोली रिकामी केली. सिव्हिल लाइन्सकडे राहणारा एक मुलगा लग्नांच्या व्हिडिओला आवाज जोडायचं काम करायचा. आम्ही त्याला भैया म्हणायचो, तो मनाने चांगला होता आणि फुकट शिकवायला आला. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी चारदा परत आली. "ये कमरा नहीं, कुआँ है," तो म्हणाला. मग घराघरातून गोधड्या आल्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड, हाताने शिवलेल्या गोधड्या. भिंतींवर, दारावर, छताला खिळे ठोकून टांगल्या. भैयाने पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती वाजली आणि जागीच मेली. बायकांनी त्या टाळीला टाळ्या वाजवल्या.

स्टेजकडच्या भिंतीला काच बसवायची होती, म्हणजे काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेल्याला गाणारे दिसतील. सचिवकाका, म्हणजे हॉलच्या समितीचे सचिव, रिटायर्ड हेडक्लार्क, अडून बसले. "भिंत समाजाची आहे," ते म्हणाले.

"भोकही समाजाचंच राहीन नं, भाऊजी," मागून मावशी म्हणाली, आणि सगळे हसले, आणि भिंत फुटली.

ही मावशी म्हणजेच ती चौथ्या दारातली बाई. माझी नात्याची नाही, पण वस्तीत सगळे तिला मावशीच म्हणतात. वय साठीच्या पुढे. आयुष्यभर तिने शिलाई मशीनवर फॅक्टरीवाल्यांच्या वर्द्या शिवल्या आणि मशीनच्या तालावर गाणी रचली. तिला लिहिता वाचता येत नाही. गाणी तिच्या तोंडात असतात, आणि मंडळाच्या बायकांच्या तोंडात. तिचं सगळ्यात आवडतं गाणं असं सुरू होतं:

चुलीपुढून ऊठ आता, लेखणी हाती धर पोरी,
माझा अंगठा निळा राहिला, तुझी सही कर पोरी.

या गाण्याला पाच अंतरे होते. पाचव्यात तिचं नाव यायचं. आमच्याकडे गाणाऱ्यांची ही जुनी रीत आहे: शेवटच्या अंतऱ्यात रचणारा आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, वस्ती सांगतो. मावशीचा तो अंतरा सुरू झाला की ढोलक थांबायचं आणि नुसती खंजिरी चालायची. ती उजवा हात छातीवर ठेवून नाव घ्यायची, मग वर्ध्याकडचं गाव, मग आमची वस्ती, मग म्हणायची की अक्षर आलं नाही पण गाणं आलं. तेव्हा म्हातारी माणसंही सावरून बसायची. जिचं गाणं वहीत नाही, छापलेलं नाही, तिला ते आपलं आहे हे सांगायला दुसरी जागा नव्हती.

पहिलं रेकॉर्डिंग तिचंच करायचं ठरलं. तिला गोधड्यांच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावला. ती गाईना.

"मावशी, गा नं."

"कोणाले गाऊ? समोर भिंत हाय. अन् खिडकीत तुझं तोंड. तू तं रोजच ऐकते."

"भैया, इनको आदत नहीं है," मी म्हणाले.

"आदत काहून नाही? चाळीस वर्षं झाले गाऊन राहिली मी," ती उखडली. "माणसं आण, मग गाते."

म्हणून माईक स्टेजवर नेला, मशीन खोलीत नेलं, तार भिंतीतून ओढली, आणि समोर सतरंजीवर मंडळाच्या बायका बसवल्या. त्यांना बजावलं की टाळ्या नको, वा वा नको, खोकला नको. रविवारची दुपार होती. पंखे बंद केले, कारण तो माईक पंख्याची घरघरही पकडायचा. घामाने सगळे भिजले. पहिल्या वेळी पत्र्यावर माकडं उड्या मारून गेली. दुसऱ्या वेळी कोणाच्या तरी घरच्या कुकरने शिट्टी दिली आणि बायका हसून लोळल्या. तिसऱ्या वेळी मावशीने पाची अंतरे गायले, नाव घेतलं, आणि एक म्हातारी न राहवून "वा माय!" म्हणाली. भैया म्हणाला, "ये वाला रखेंगे." तेवढंच एक चांगलं रेकॉर्डिंग आमच्याकडे होतं.

दोन दिवसांनी मी आणि भैया ते नीट करायला बसलो. गाणं सहा मिनिटांच्या वर जात होतं. भैया म्हणाला, "इतना लंबा मोबाइल पे कोई नहीं सुनता. साढ़े चार में लाओ. आखिर में तो बस नाम-गाँव है न?"

त्याला मराठी येत नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही. मला मराठी येत होतं. मला ती रीत माहीत होती. मी त्या अंतऱ्याला सावरून बसणाऱ्यांमध्ये लहानाची मोठी झाले होते. आणि मी मशीनसमोर बसून मनात म्हणाले: नाव लिहिलं की माणूस मोठा होते अन् मुद्दा लहान. गाणं चळवळीचं आहे. गाणं सगळ्या पोरींचं आहे. एका बाईच्या नावाने ते छोटं का करायचं? मला अगदी न्याय केल्यासारखं वाटलं. मी माझ्या बोटाने चौथ्या अंतऱ्यानंतर आवाज हळूहळू उतरवत नेला आणि बंद केला. भैयाने विचारलं, "पूरा वाला रखना है? जगह कम है." मी म्हणाले, "नहीं, हटा दो."

मावशीला विचारलं नाही. चार दारं चालत जायचं होतं फक्त.

पुढच्या पौर्णिमेला हॉलमध्ये सगळ्यांसमोर गाणं वाजवलं. मावशी पहिल्या ओळीत, नवी साडी नेसून. चौथा अंतरा आला. तिने उजवा हात उचलून छातीवर ठेवला, सवयीने. आवाज उतरत गेला आणि थांबला. ती तशीच हात ठेवून बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"लाइट गेली का?"

पंखे चालू होते. वर बल्ब जळत होता. तिने बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी तिला समजावलं. काय काय बोलले ते आठवलं की आजही माझ्या कानशिलात आग होते. मी म्हणाले, मावशी, नावात काय आहे, गाणं आता समाजाचं झालं. व्यक्तीपेक्षा विचार मोठा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अच्छा. मंग तुझं नाव त्या दारावर काहून लिवलं हाय?"

खोलीच्या दारावर पाटी होती. स्टुडिओ उभा करणाऱ्यांची नावं. सचिवकाकांचं पहिलं, माझं तिसरं. तिला वाचता येत नव्हतं. तिने नातीकडून वाचून घेतलं होतं.

मी पाटी उतरवली. त्याने काय झालं? काहीच नाही. गाणं सुटलं होतं. मोबाइलवरून मोबाइलवर गेलं, नागपूरला गेलं, तिथून कुठे कुठे गेलं. वस्तीतल्या पोरी ते लग्नात लावायच्या. आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग एका जयंतीला समितीने नागपूरकडचा एक नावाजलेला गायक बोलावला. मोठं साऊंड, मोठी पार्टी, कोट घातलेला माणूस. त्याने तिसऱ्या नंबरला गाणं धरलं ते "चुलीपुढून ऊठ आता". हॉल नाचायला लागला. चार अंतरे त्याने जसेच्या तसे गायले, माझ्या कापलेल्या रेकॉर्डिंगवरून पाठ केलेले. आणि मग पाचवा अंतरा गायला. त्याचा स्वतःचा. त्यात त्याचं नाव होतं, त्याचं गाव होतं.

चोर म्हणून त्याच्यावर ओरडणं मला सोपं आहे. पण जागा मी मोकळी करून ठेवली होती. गाण्याच्या शेवटी एक रिकामी खुर्ची ठेवली होती, तो येऊन बसला.

मावशी पहिल्या ओळीतच होती. ती उठली नाही, ओरडली नाही. मी स्टेजमागे पळत गेले आणि सचिवकाकांना म्हणाले, आत्ता माईकवर सांगा की हे गाणं कोणाचं आहे.

"पाहुणे आहेत ते," ते म्हणाले. "चार लोकांत तमाशा करू नको."

"गाणं मावशीचं आहे, काका. तुम्ही ऐकलंय. वीस वर्षं ऐकलंय."

"मी ऐकलंय, बेटा. पण ते म्हणतात त्यांचं आहे. लिखित काही आहे का? वही? छापील? रेकॉर्डिंग तर तुमच्याकडेच आहे, त्यात तिचं नाव आहे का?"

आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच माणसाने, ज्या बाईला शाळेत कोणी बसू दिलं नाही तिच्याकडे लेखी पुरावा मागितला. शहरातल्या त्या मालकाने आम्हाला जिन्यात बसवलं तेव्हा मी पत्रक काढलं होतं. काकांबद्दल पत्रक कोण काढणार? आणि माझ्याबद्दल?

त्या आठवड्यात मी वडिलांशी भांडले. म्हणाले, तुमच्या त्या वाक्याने हे झालं. माणूस मोठा अन् मुद्दा लहान. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"माझं नाव काहून नव्हतं पत्रकावर, माहीत आहे का तुला?"

"तत्त्व म्हणून."

"तत्त्व कुठचं? फॅक्टरी सरकारी. नाव टाकलं असतं तर मेमो आला असता. नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं, तुझी शाळा गेली असती." मग म्हणाले, "तू लहान होती. भीती वाटते म्हणून नाही लिहीत, असं लेकराले कसं सांगू? म्हणून ते वाक्य सांगितलं. वाक्य चांगलं होतं."

वाक्य चांगलं होतं! मी ताटावरून उठले. कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या भीतीचा मला राग नव्हता. ती त्यांनी आमच्यासाठी बाळगली होती. राग याचा की त्यांनी ती तत्त्व म्हणून माझ्या हातात दिली, आणि मी ती जिच्याकडे नावाशिवाय काहीच नव्हतं अशा बाईवर चालवली. ज्याला नाव लपवावं लागतं आणि जिला नाव कोणी विचारतच नाही, यांना एकच नियम लावणारी मी कोण?

मग मी ती चार दारं चालत गेले. मावशी शिलाई मशीनवर होती. मी म्हणाले, पुन्हा रेकॉर्ड करू, आणि या वेळी तुझं नाव पहिल्याच ओळीत टाकू, म्हणजे कोणाला कापताच येणार नाही. मला वाटलं होतं तिला हे आवडेल.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "पहिलं नाव पुढाऱ्याचं राहते. गाणाऱ्याचं आखरीले राहते. ज्यानं सारं ऐकलं, त्याले कळते का कोणाचं हाय. नाही ऐकलं, तं त्याची मर्जी. तू कापू नको, तेवढं कर."

"नाही कापणार."

"अन् मशीनवर तू बसू नको. समोर बस. सतरंजीवर."

मी सतरंजीवर बसले. मशीनवर मंडळातल्या एका बाईची सून बसली, तिला भैयाने शिकवलं होतं. पहिल्या वेळेपेक्षा मावशीचा आवाज थकला होता, चौथ्या अंतऱ्यात श्वास तुटला. तो तसाच ठेवला. पाचवा अंतरा पूर्ण आहे. सहा मिनिटं वीस सेकंद.

पण कापलेलं गाणं मेलेलं नाही. तेच आवाजाने तरुण आहे, तेच छोटं आहे, तेच लोकांच्या मोबाइलवर आहे. गेल्या जयंतीला आमच्याच हॉलमध्ये, गोधड्यांच्या खोलीला लागून असलेल्या स्टेजवर, समितीने तेच लावलं. मी पूर्ण गाणं पुढे केलं तर सचिवकाका म्हणाले, "कार्यक्रम लांबतो, बेटा. लोकांना तेच आवडतं. चलो, पुढच्या वर्षी पाहू." मावशी त्या दिवशी आली नव्हती. ती आता पौर्णिमेलाही येत नाही. पाय दुखतात म्हणते. चार दारांवरून शिलाई मशीनचा आवाज येत राहतो.

हे लिहिताना मी तिला विचारलं, तुझं नाव या लेखात लिहू का? ती म्हणाली, "कायले? लेख तुझा हाय. कागदावर कोणी कायबी लिवते. माझं नाव गाण्यात पाहिजे, अन् माणसाईच्या कानात पाहिजे." म्हणून इथे तिचं नाव नाही. या वेळी मी विचारून नाव गाळलं आहे.

आता तुम्हाला एक काम सांगते. लग्नात, जयंतीत, कुठल्या गल्लीत ते "चुलीपुढून ऊठ आता" लागलं आणि चौथ्या अंतऱ्यावर विरून गेलं, किंवा पाचव्यात एखाद्या कोटवाल्याचं नाव आलं, तर बसून राहू नका. नाचत असाल तर थांबा. ज्याने लावलं त्याच्याकडे जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारा, या गाण्याचा खरा पाचवा अंतरा कुठे आहे? त्याला माहीत नसेल तर त्याला आमच्या हॉलवर पाठवा. गाणं आहे, पूर्ण आहे, कोणालाही देतो. फक्त ते शेवटपर्यंत लावा, आणि शेवटी येतं ते नाव कोणाचं, हे शेजारी बसलेल्या माणसाला सांगा.